उभी पेन्सिल म्हणजे नाही

परवा एका मासिकात आमच्या ह्यांच्यावर चार पानी लेख आला. फोटोसकट. फोटोत हे हनुवटीखाली मूठ धरून असे बसलेत, की बोलपटाचा शोध ह्यांनीच लावला असं वाटावं. लिहिणाऱ्याने लिहिलंय, 'ध्वनिमुद्रक म्हणून ज्यांचा कान सोन्याचा, तेच पुढे निर्मिती व्यवस्थापक म्हणून पोलादाचे निघाले. नायिका रडल्या, दिग्दर्शक रुसले, पण त्यांच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही.' वाचता वाचता मला चहाचा ठसका लागला. रेषा हलणार कशी? नायिका काय म्हणतेय ते आधी ऐकू तर यायला हवं ना.

आता सांगूनच टाकते. स्टुडिओचे मालक गेले, स्टुडिओही गेला, त्या जागी आता मोटारी दुरुस्त करतात. कुणाचं काही बिघडायचं राहिलेलं नाही. आणि त्या लेखात मी एकदाच आलेय, शेवटून दुसऱ्या ओळीत. 'पत्नीने त्यांना मोलाची साथ दिली.' साथ म्हणे. मी काय मागे उभी राहून टाळ्या वाजवत होते?

तर सुरुवातीपासून सांगते. चित्रपट नुकते बोलायला लागले होते. आमचे हे तेव्हा टेलिफोनच्या कचेरीत तारा जोडायचे. मालकांनी परदेशाहून आवाजाचं यंत्र मागवलं, ते अकरा खोक्यांतून आलं. सोबत एक गोरा कारागीर आला, तो तीन आठवडे राहिला आणि पोट बिघडलं म्हणून निघून गेला. यंत्राकडे बघून ज्याच्या अंगाला घाम फुटत नाही असा माणूस हवा होता. कुणीतरी ह्यांचं नाव सुचवलं. हे गेले, दोन दिवस यंत्रासमोर मांडी घालून बसले आणि तिसऱ्या दिवशी त्यातून मालकांचा स्वतःचा आवाज मालकांना ऐकवला. मालक म्हणाले, "माझा आवाज इतका चिरका नाही." हे म्हणाले, "आहे." त्या एका शब्दावर नोकरी लागली.

तेव्हापासून ह्यांचा रुबाब काय विचारता. मूकपट होते तोवर सेटवर बाजार भरलेला असायचा. सुतार ठोकतोय, दिग्दर्शक ओरडतोय, कुणी शेंगा खातोय, आणि त्यातच नायिका डोळ्यांतून पाणी काढतेय. आता एक माणूस काचेच्या खोलीत, कानांवर हेडफोन चढवून बसला आणि सगळ्यांच्या तोंडाला कुलूप लागलं. हे हात वर करायचे आणि म्हणायचे, "शांतता." मालकसुद्धा श्वास कोंडून उभे राहायचे. नायिकेचे पैंजण काढले, सुतारांच्या चपला काढल्या. शेजारच्या लाकडाच्या वखारीतली करवत रोज दहा ते बारा बंद ठेवायला लावली. एका म्हाताऱ्या नटाचे दात बोलताना वाजायचे, तर त्याला दात काढून बोलायला लावलं, मग तो काय बोलतोय तेच कुणाला कळेना. पण दात वाजले नाहीत, ह्यांच्या दृष्टीने काम झालं.

घरीही तीच तऱ्हा. भांडं आपटायचं नाही, दार लोटायचं नाही. सासूबाईंना खोकल्याची उबळ आली की त्या पदर तोंडात कोंबून अंगणात पळायच्या. मी एकदा म्हटलं, "अहो, घरात कुठे यंत्र आहे?" तर म्हणाले, "माझे कान आहेत ना." कानांचा असा काही टेंभा मिरवायचे की विचारू नका. वाटाण्याच्या शेंगेतून किती दाणे सुटले ते पाठमोरे बसून सांगायचे. बहुतेक वेळा चुकायचे, पण सासूबाई मोजून म्हणायच्या, "बरोबर."

मलाही ह्यांनीच स्टुडिओत चिकटवलं. जोडखोलीत बायका लागायच्या, कारण फिल्म हाताळायला हलका हात हवा. पांढरे हातमोजे घालून आम्ही चौघी रिळं कापायचो आणि जोडायचो. माझ्या टेबलावर आवाज ऐकायला हेडफोनची एक जुनी जोडी होती. चित्र आणि आवाज जुळतोय की नाही ते पाहायचं, ओठ मिटल्यावर शब्द येत असेल तर आवाजाची फिल्म दोन घरं इकडे, दोन घरं तिकडे सरकवायची. मला ते काम फार आवडायचं. अजूनही कुणी बोलताना मी त्यांच्या ओठांकडे बघते, लोकांना वाटतं मी फटकळ आहे. तशी आहेच.

आणि काठीभाऊ. त्यांचं खरं नाव हजेरीच्या वहीत असेल, पण त्यांना कुणी त्या नावाने हाक मारली नाही. लांब काठीच्या टोकाला माइक बांधलेला असायचा, तो नटांच्या डोक्यावर, कॅमेऱ्यात न दिसता, जराही न हलवता धरून उभं राहायचं हे त्यांचं काम. माणूस सडपातळ, पण दंड पैलवानाचे. बोलायचे अगदी कमी, कारण सेटवर बोलायला बंदीच होती. आवाजात काही खोट आली की डावा हात वर करायचे. काचेआडून हे बघायचे, पुन्हा घ्यायला सांगायचे. चार वर्षं दोघांचं असं सुरळीत चाललं. घरी यायचे तेव्हा मला वहिनी म्हणायचे, आणि आल्या आल्या सांगायचे, "वहिनी, तुमच्या नळाचा वायसर गेलाय." नळ आत, ते बाहेर ओट्यावर. मी जाऊन बघितलं तर गेलेला असायचा.

मग तो राजवाड्याचा चित्रपट आला. मोठा सेट, म्हणून मोठे दिवे आणले, कोळशाच्या कांड्या जळतात ते. त्या दिव्यांना वीज पुरवणारं यंत्र जुनं होतं, त्यामुळे दिवे शिट्टी घालायचे. बारीक, लांब, कानात सुई सारल्यासारखी शिट्टी. सेटवरच्या लोकांना वाटायचं, दिवे आहेत, आवाज करणारच. माइकने तो उचलला की नाही हे काचेच्या खोलीतल्या माणसाने बघायचं. पहिल्याच दिवशी काठीभाऊंनी डावा हात वर केला. ह्यांनी काचेवर टकटक केलं, चालू ठेवा. दुसऱ्यांदा केला, तसंच. तिसऱ्यांदा केला तेव्हा हे हेडफोन काढून बाहेर आले आणि सगळ्यांसमोर विचारलं, "कान माझे आहेत की तुझे?" त्यानंतर तीन आठवडे काठीभाऊंनी हात वर केला नाही.

रिळं माझ्याकडे आली. हेडफोन लावला आणि मी उडालेच. राजा बोलतोय, शिट्टी. राणी बोलतेय, शिट्टी. कुणी बोलत नाही, नुसती शिट्टी. जेवताना मी ह्यांना सांगितलं. म्हणाले, "तुझ्या टेबलावरचं यंत्र तपासून घे." मी म्हटलं, तपासलं. म्हणाले, "मग तुझे कान तपासून घे." मी आणखी एक पोळी ह्यांच्या पानात टाकली.

त्याच आठवड्यातली गोष्ट. आमची मुलगी तेव्हा चार वर्षांची, तिला कुणीतरी पत्र्याची शिट्टी दिली होती. दुपारी हे खुर्चीत पेपर वाचत होते आणि ही बया ह्यांच्या कानाशी तोंड नेऊन ती शिट्टी फुंकत होती. शेजारची बाई दोन घरं ओलांडून भांडायला आली. हे पान उलटून वाचत राहिले. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "लेकीवर किती माया बघ, एका शब्दाने रागवत नाही." ज्या माणसाने सासूबाईंचा खोकला अंगणात पाठवला, त्याला शिट्टी ऐकू येत नव्हती. जाडे आवाज यायचे, बारीक गेले होते. पोरीच्या हातातून मी शिट्टी काढून घेतली आणि पिठाच्या डब्यात खुपसली. जणू शिट्टी लपवली की प्रश्न मिटला.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच का नाही बोललीस? काय बोलणार होते? ध्वनिमुद्रक बहिरा होतोय म्हणून मालकांना सांगू? घरात म्हातारी, लहान पोर, आणि ह्यांना दुसरं काही येत नाही. स्टुडिओतल्या तपासणीच्या खोलीतला लाउडस्पीकर जुना होता, त्यातून बारीक आवाज येतच नसे, म्हणून मालकांनाही काही कळलं नाही. मीही मनाशी म्हटलं, कुणाला कळणारही नाही.

कळलं, आणि सगळ्यांना एकदम कळलं. चित्रपट लागला तो नव्या थिएटरात, नव्या लाउडस्पीकरवर. दुपारचा खेळ, एक खुर्ची रिकामी नाही. राजाची आई मरणशय्येवर आहे, राजा तिच्या उशाशी बसलाय, आणि अखंड शिट्टी. लोकांना वाटलं, राजाच घालतोय. मागच्या रांगेतून कुणीतरी उत्तर दिलं. मग काय, सगळं थिएटर शिट्ट्या घालायला लागलं. आई मेली तेव्हा इतका गजर झाला की नायकाने पुढे वर्षभर घराबाहेर पडताना टोपी डोळ्यांवर ओढली.

दुसऱ्या दिवशी मालकांच्या खोलीत सगळ्यांना उभं केलं. दिग्दर्शक थयथयाट करत होता, नायकाचा मामा टेबलावर मुठी आपटत होता. मालकांनी ह्यांना विचारलं, "शिट्टी आली कुठून?" हे शांतपणे म्हणाले, "माइक कुणाच्या हातात होता?" बस, एवढंच. खोटं एक अक्षर बोलले नाहीत. नुसता प्रश्न विचारला आणि सगळ्या माना काठीभाऊंकडे वळल्या. मग मालकांनी मला विचारलं, "जोडताना काही झालं होतं का?" मी म्हटलं, "जोडात काही दोष नाही." मीही खोटं बोलले नाही. आमचं घराणंच सत्यवचनी.

काठीभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मग ह्यांच्याकडे. डावा हात अर्धा वर गेला त्यांचा, सवयीने. मग खाली आला. संध्याकाळपर्यंत त्यांना काढून टाकलं.

आणि आमच्या ह्यांना बढती मिळाली. ऐका तर खरं. त्या गोंधळात सगळे बोंबलत होते आणि एकटे हे निर्विकार बसले होते. मालक भारावले. म्हणाले, "इतका आरडाओरडा झाला, हा माणूस जागचा हलला नाही. मला असाच निर्मिती व्यवस्थापक हवाय." आधीचा व्यवस्थापक लोकांच्या मागण्या ऐकून ऐकून वेड लागायच्या बेतात पळून गेला होता. ह्यांनी लगेच होकार दिला. ध्वनीच्या खोलीतून सुटका होत होती ना. मला मात्र घरी आल्यावर सांगितलं, "माझी गरज तिकडे जास्त आहे."

बहिरा हा शब्द आमच्या घरात कधी उच्चारला गेला नाही. हे एवढंच म्हणाले, "लोक फार भरभर बोलतात. तू शेजारी बसून टिपणं घे, आणि मुद्दा मला खुणेने सांग." मालकांनी परवानगी दिली. मी जोडखोलीचे हातमोजे काढले आणि पेन्सिल घेतली. खुणा सोप्या होत्या. पेन्सिल उभी धरली म्हणजे नाही. वहीवर आडवी ठेवली म्हणजे हो. बोटांत फिरवली म्हणजे, उद्या सांगतो.

दोन वर्षं तो स्टुडिओ माझ्या पेन्सिलीवर चालला. नायिका यायची, मोठा आरसा हवा, खोली बदलून हवी, शिवाय आपल्या बहिणीला राणीच्या दासीचं काम हवं. रडायची, हुंदके द्यायची. हे तिच्या नाकाकडे एकटक बघत बसायचे. मी पेन्सिल उभी करायची. हे म्हणायचे, "नाही." ती आणखी रडायची, पेन्सिल उभीच. "नाही म्हटलं ना." बाहेर जाऊन ती म्हणायची, दगड आहे दगड. सुतारांचा मिस्त्री दुपारच्या सुट्टीत पंधरा मिनिटं वाढवून मागायला आला, मी आडवी ठेवली. हे म्हणाले, "हो." मिस्त्री बाहेर जाऊन म्हणाला, देवमाणूस आहे. एकदा दिग्दर्शक आठ घोडे मागत होता आणि माझ्या हातातली पेन्सिल मधोमध मोडली. एक तुकडा हातात उभा, एक वहीवर आडवा. ह्यांनी दोन्हीकडे बघितलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "निम्मं." चार घोड्यांत लढाई उरकली. मालकांनी त्या एका शब्दासाठी ह्यांना भर सभेत मिठी मारली.

ते सगळं मी हसून नेलं असतं. पण घरी आल्यावर हे कोट काढून खुंटीला लावायचे आणि मलाच सांगायचे, "आज नायिकेला कसं ठणकावलं, पाहिलंस ना? माणसं ओळखता यावी लागतात." मी शेजारी बसलेली. पेन्सिल माझ्या हातात. मी म्हणायचे, "पाहिलं हो." आणि भाकरी जरा जास्तच थापटायचे. आता आवाजाला कुणाची हरकत नव्हती.

मग एक दिवस सकाळी काठीभाऊ आले.

मी त्यांना ओळखलंच नाही. दंड उतरले होते. दोन वर्षांत सहा स्टुडिओंच्या पायऱ्या झिजवल्या होत्या त्यांनी. प्रत्येक ठिकाणी लोक विचारायचे, शिट्टीवाला तो तूच ना? आणि दार बंद. ते एका थिएटराच्या दारात तिकिटं फाडत होते. चांगल्या आवाजाचा चित्रपट लागला की आत भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकायचे, तेवढाच विरंगुळा. आता एका नव्या स्टुडिओचा ध्वनिमुद्रक त्यांना घ्यायला तयार होता. अट एकच, जुन्या जागेहून लिहून आणा की शिट्टी तुमच्या हातून झाली नव्हती. पत्र शनिवारपर्यंत. नाहीतर तो दुसरा माणूस घेणार.

मालक तेव्हा ह्यांच्याच खोलीत बसले होते. काठीभाऊ दाराशी उभे राहिले. हळू आवाजात, जसं ते नेहमी बोलायचे तसं म्हणाले, "साहेब, शिट्टी माझ्या माइकमुळे नव्हती. दिव्यांची होती. मी पहिल्याच दिवशी तीनदा हात वर केला होता. हे खरं की नाही, एवढं सांगा."

ह्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं.

मी पेन्सिल आडवी ठेवली. आणि तिच्यावर तळहात दाबून धरला, म्हणजे मलाच ती उचलता येऊ नये.

"हो," हे ठासून म्हणाले.

काठीभाऊंचे डोळे भरून आले. माझ्या छातीवरचं दोन वर्षांचं ओझं उतरतंय असं वाटायला लागलं, तोवर मालक खुर्चीतून उठले आणि ह्यांच्या पाठीवर थाप मारली. "पाहिलंत? याला म्हणतात मोठं मन. गरीब माणसाचं कल्याण व्हावं म्हणून त्याची चूक स्वतःच्या अंगावर घेतली." मग काठीभाऊंना म्हणाले, "जा बाबा, तुला माफ केलं आम्ही. पण पत्र नाही मिळणार. असला थोर माणूस तुझ्यासाठी खोटं बोलला, पण मी कागदावर खोटं लिहू देणार नाही."

काठीभाऊ माफी घेऊन परत गेले. हे मालकांकडे बघून मंद हसत होते, कारण पाठीवर थाप पडली म्हणजे काहीतरी चांगलं झालं असणार.

घरी आल्यावर मी ह्यांना समोर बसवलं आणि तोंडाजवळ तोंड नेऊन, एकेक शब्द तोडून सांगितलं, कुठल्या प्रश्नाला तुम्ही हो म्हणालात ते. म्हटलं आता तरी हा माणूस विरघळेल. हे चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत बसले. मग म्हणाले, "मी पूर्ण विचार करूनच हो म्हणालो." आणि उठून हात धुवायला गेले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. सासूबाईंच्या समोर मी पिठाचा डबा धाडकन खाली ठेवला.

आम्हा जोडणाऱ्या बायकांना एक खोड असते. टाकायचे तुकडे टाकवत नाहीत. राजाच्या आईच्या मरणाचं रीळ मी दोन वर्षं जोडखोलीच्या कपाटात वरच्या फळीवर जपून ठेवलं होतं. का ठेवलं, ते मलाही सांगता आलं नसतं. त्याच आठवड्यात मालकांनी तपासणीच्या खोलीत नवा लाउडस्पीकर बसवला होता आणि शुक्रवारी सकाळी अकराला तो ऐकायला सगळ्यांना बोलावलं होतं. मी चित्र दाखवणाऱ्याला ते रीळ दिलं. म्हटलं, साहेबांनी सांगितलंय. साहेबांनी सांगितलंय म्हटलं की दोन वर्षांत मला कुणी दुसरा प्रश्न विचारला नव्हता. आणि काठीभाऊंना निरोप धाडला, अकराला या, मागे उभे राहा.

मालक, दिग्दर्शक, नायिका, मिस्त्री, सगळे आले. हे पहिल्या रांगेत बसले, मी शेजारी. पडदे ओढले, अंधार झाला. अंधारात पेन्सिल दिसत नाही, हे ह्यांच्या लक्षात आलं तेव्हा ह्यांनी माझा हात चाचपला. मी हात काढून घेतला आणि पेन्सिल अंबाड्यात खोचली.

राजाची आई शेवटचे श्वास घ्यायला लागली आणि नव्या लाउडस्पीकरमधून शिट्टी आली. अगबाई, काय ती शिट्टी. थिएटरात होती त्याहून धारदार. माझ्या दातांतून कळ गेली. मागे नायिका किंचाळली, मिस्त्रीने शिवी हासडली. मालकांनी "बंद करा" म्हणून दोनदा सांगितलं, पण वर चित्र दाखवणाऱ्यानेही कानांत बोटं घातली होती, त्याला कुठलं ऐकू येणार. अख्खं रीळ संपलं तेव्हाच शिट्टी थांबली. कुणीतरी पडदा सरकवला, उजेड आला.

सगळ्यांची बोटं कानांत. मालकांचीसुद्धा. आणि पहिल्या रांगेत आमचे हे मांडीवर हात ठेवून, मान जराशी कलती करून, समाधानाने बसलेले.

मालकांनी कानांतली बोटं काढली. "कसा वाटला आवाज?" त्यांनी ह्यांना विचारलं. हळूच विचारलं. त्यांना काहीतरी दिसायला लागलं होतं.

ह्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे. माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी पडद्याकडे बघत राहिले. मनात म्हणत होते, नको, गप्प बसा, काही बोलू नका. पण हे सवयीने म्हणाले, "स्वच्छ."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. हे सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवत गेले. नायिकेचे हात अजून कानांवरच होते. मिस्त्री जमिनीकडे बघत होता. आणि सगळ्यात मागे, भिंतीशी, काठीभाऊ डावा हात वर करून उभे होते. ह्या वेळी पूर्ण वर.

हे उठले. खुर्च्यांमधून वाट काढत त्यांच्यापर्यंत गेले. इतक्या जवळ, की मला वाटलं आता मारतात की काय.

"शिट्टी आहे?" ह्यांनी विचारलं.

काठीभाऊंनी मान हलवली.

"तेव्हाही होती?"

पुन्हा मान.

मग हे मालकांकडे वळले आणि फार मोठ्याने बोलले, कारण स्वतःचा आवाज किती हेही आता त्यांना नीट कळत नव्हतं. "मला ऐकू येत नाही. तेव्हाही येत नव्हतं. ह्याने तीनदा हात केला, मी ह्याचा अपमान केला."

मला रडू फुटलं. राग कुठच्या कुठे गेला. दोन वर्षं मी ज्या माणसाला उभी-आडवी पेन्सिल दाखवून नाचवलं, तो एकटा, कुणाच्या खुणेशिवाय बोलला होता.

मालकांना मात्र वेगळीच चिंता. "मग दोन वर्षं हे सगळं चालवलं कोणी?" त्यांनी विचारलं, आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मालकांनी मला नखशिखांत न्याहाळलं, हनुवटी खाजवली आणि निकाल दिला. "चालू द्या आहे तसं. बाई व्यवस्थापक आहे असं कळलं तर लोक हसतील. बहिरा चालतो. फक्त ही गोष्ट बाहेर जायला नको." नायिका म्हणाली, "म्हणजे आरसा हिने नाकारला?" मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

"आधी पत्र," हे म्हणाले. मालकांचं बोलणं त्यांना ऐकूच गेलं नव्हतं. माझ्यापाशी येऊन त्यांनी माझ्या अंबाड्यातून पेन्सिल उपसली, मिस्त्रीच्या खिशातून मापं लिहायचा कागद घेतला आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवून उभ्याउभ्या लिहिलं. लिहिता लिहिता प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणत होते, सगळ्या खोलीने ऐकला. "शिट्टी दिव्यांची होती. ती ह्यांना ऐकू आली, मला आली नाही. ह्यांनी सांगितलं, मी मानलं नाही. ह्यांचा शब्द मानावा." खाली सही केली. मालक काहीतरी म्हणायला पुढे आले, पण ज्याला ऐकू येत नाही त्याला अडवणार कसं? कागद काठीभाऊंच्या हातात पडलासुद्धा.

काठीभाऊंनी तो वाचला, चार घड्या घालून आतल्या खिशात ठेवला. ह्यांचा हात दोन्ही हातांत धरला. मग जाता जाता माझ्यापाशी थांबले. आवाजात राग नव्हता. माणूस खरंच माहिती हवी म्हणून विचारतो, तसं विचारलं.

"वहिनी, रिळं तर तुमच्याच टेबलावर आली होती. तुमचे कान चांगले आहेत. मालकांनी तुम्हाला विचारलं, त्या दिवशी तुम्हाला ठाऊक होतं ना?"

मी तोंड उघडलं. आयुष्यभर ज्या तोंडाला कुणी हात लावू शकलं नाही, त्यातून शब्द फुटेना. हे माझ्याकडे बघत होते, आणि पेन्सिल त्यांनी माझ्यापुढे धरली होती.

मी ती घेतली आणि मधल्या रिकाम्या खुर्चीवर आडवी ठेवली.